अनुत्सुक नायक

आमच्या साहित्यशास्त्रकारांनी नायकांची मोजदाद मोठ्या काटेकोरपणे करून ठेविली आहे. स्वभावावरून धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार. आणि प्रियेशी असणाऱ्या वर्तनावरून अनुकूल, दक्षिण, शठ व धृष्ट असे पुन्हा चार. परंतु ज्याला प्रेमकथेत नायक व्हावयाचेच नाही, कथेने दंडाला धरून ओढीत नेल्यावाचून जो उंबरठा ओलांडीत नाही, त्याला या आठ घरांत कोठेच जागा नाही. शठ म्हणावे तर कपट करण्याइतका उत्साह त्याच्या अंगी नसतो. अनुकूल म्हणावे तर तो कोणालाच अनुकूल नसतो.

आजच्या तरुण प्रेक्षकांचा आवडता नायक नेमका हाच आहे. जपानी शाळांतील प्रेमविनोदी कथा 'लाइट नॉव्हेल' म्हणून छापल्या जातात आणि 'अ‍ॅनिमे' म्हणजे चलच्चित्रांच्या मालिका होऊन घरोघर पोहोचतात. योनेझावा होनोबू यांच्या 'ह्योका' या २००१ सालच्या कादंबरीतील ओरेकी होतारो हा मुलगा शक्तीची काटकसर हेच आपले जीवनव्रत मानतो. टाळता येईल ते काम टाळावे आणि टळत नसेल ते झटपट उरकून मोकळे व्हावे, असा त्याचा बाणा. वातारी वातारू यांच्या २०११ साली सुरू झालेल्या 'ओरेगाइरू' या कथामालेतील हिकिगाया हाचिमान तर तारुण्य म्हणजे एक लबाडी आहे, असे शाळेच्या निबंधातच लिहून मोकळा होतो. या दोघांची सुरुवात ताडून पाहण्याजोगी आहे. ओरेकी शाळेतील प्राचीन साहित्य मंडळात शिरतो तो थोरल्या बहिणीच्या पत्रातील आज्ञेवरून. हाचिमानची शिक्षिका हिरात्सुका त्याचा तो निबंध वाचून त्याला सेवामंडळाच्या खोलीत नेऊन सोडते, व तेथे युकिनोशिता युकिनो नावाची मुलगी एकटीच बसलेली असते. दोघांपैकी एकानेही पाऊल आपण होऊन टाकलेले नाही. कोणा वडीलधाऱ्याने त्यांच्या हाती काही तरी दिले आणि ते परत करण्याचे धैर्य त्यांना झाले नाही, एवढेच काय ते घडले.

हे सारे परदेशी आहे, आमच्या वाङ्मयात याचे मूळ नाही, असे म्हणणाऱ्यांस आम्ही अजिंठ्याची आठवण करून देऊ. आमच्या छत्रपती संभाजीनगराहून (२०२३ पर्यंतचे हे औरंगाबाद) शंभर किलोमीटरांच्या आसपास असलेल्या त्या लेण्यांतील सोळावा विहार वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरविला. त्याच्या भिंतीवर नंदाची कथा रंगविली आहे. नंद म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ. सुंदरी नावाच्या पत्नीत गुंतलेला, ऐषारामी, मनाचा मऊ. अश्वघोषाने त्याच्यावर अठरा सर्गांचे 'सौन्दरनन्द' हे महाकाव्य लिहिले. नेपाळात मिळालेल्या पोथ्यांवरून हरप्रसाद शास्त्री यांनी ते १९१० मध्ये प्रकाशित केले, तेव्हा कोठे आधुनिक वाचकांना ते ठाऊक झाले.

त्या काव्यातील प्रसंग असा. सुंदरी प्रसाधन करीत आहे, नंद तिच्यासमोर आरसा धरून बसला आहे, मध्येच फुंकर घालून आरसा धुरकट करतो आहे आणि तिचा मार खातो आहे. इतक्यात भिक्षेसाठी दारी आलेला बुद्ध, कोणी दखल न घेतल्यामुळे, रिकाम्या हाती परत गेल्याची वार्ता येते. नंद लाजतो, भेटून येतो म्हणतो. कपाळावरचा विशेषक वाळण्यापूर्वी परत यायचे, या अटीवर सुंदरी त्याला सोडते. तो जातो, आणि बुद्ध आपले भिक्षापात्र त्याच्या हाती देतो. हे पात्र खाली ठेवून घरी जावे, एवढे साधे काम नंदाकडून होत नाही. गुरूच्या मागोमाग तो चालत राहतो, विहारात पोहोचतो, आणि नको नको म्हणत असता त्याचे मुंडण होते. पुढे त्याचे मन वळावे म्हणून बुद्ध त्याला स्वर्गात नेतो, वाटेत एक कानी वानरी दाखवितो व मग अप्सरा दाखवितो. आणि हा पठ्ठ्या, जो सुंदरीवाचून जगणार नव्हता, तो आता अप्सरांच्या आशेने तप करू लागतो! आनंदाने त्याची कानउघाडणी केल्यावर त्याला लाज वाटते. महाकाव्यात इतका निर्मळ विनोद आम्हांस फारच थोड्या ठिकाणी आढळला आहे.

नंद संन्यासाला नाखूश आणि हाचिमान प्रेमाला नाखूश; मग दोघांस एका माळेत कसे ओवता, असे कोणी विचारील. आमच्या मते ज्याची टाळाटाळ करावयाची तो विषय येथे गौण आहे. 'हो' म्हणण्याची इच्छा नाही आणि 'नाही' म्हणण्याची ताकद नाही, ही अवस्था दोघांची एकच. त्या अवस्थेत एक मोठी सोय असते: आपल्या वाट्याला जे येईल त्याचा दोष आपल्यावर येत नाही. पात्र दुसऱ्याने हाती दिले होते ना! आजच्या प्रेक्षकाला हा नायक जवळचा वाटतो तो या सोयीमुळेच, असा आम्हांस दाट संशय आहे. तो शहाणा दिसतो, जगाच्या ढोंगावर मार्मिक बोलतो, आणि तरीही मुली त्याच्याभोवती जमतात. कष्टावाचून मिळालेले प्रेम कोणाला नको आहे?

परंतु विशेषक वाळत असतो तो सुंदरीच्या कपाळावर. अनुत्सुक नायकाची कथा हाती घेणाऱ्या प्रत्येक लेखकाची खरी परीक्षा येथे आहे: या माणसाच्या घुटमळण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे तो दाखवितो की झाकतो? अश्वघोष सहावा सर्ग सुंदरीच्या विलापाला देतो, आणि तो सर्ग उत्कृष्ट आहे. पण त्यानंतर ती रंगभूमीवर येत नाही. शेवटी ती काय करील याविषयी बुद्धाच्या तोंडून एक तर्क तेवढा कानी पडतो. कवीला शिष्याच्या मुक्तीची घाई झालेली आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराला ती घाई नाही. त्याच भिंतीवर त्याने सुंदरी काढली: मंचकावर कलंडलेली, मान झुकलेली, डोळे मिटत आलेले, मागून एक दासी सावरून धरते आहे, आणि जवळच एक सेवक नंदाचा मुकुट घेऊन उभा आहे. निरोप बोलून सांगण्याची गरजच उरलेली नाही. ही नंदाची पत्नी आहे हे ओळखले जाण्यापूर्वी हे चित्र 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने गाजले, आणि लेण्यांतील चित्रांच्या नकला करविणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांनी करुणरसासाठी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. नंदाचे नाव ठाऊक नसलेल्या माणसालाही जिचे दुःख कळते, ती नायिका चित्रकाराने कवीच्या हातून सोडवून घेतली, असेच म्हणावयास हवे.

मराठीत हा नायक विनोदाच्या पूर्ण प्रकाशात आला तो १९३८ साली, हंस पिक्चर्सच्या 'ब्रह्मचारी' या बोलपटात. कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे, आणि औदुंबराची भूमिकाही त्यांचीच. ब्रह्मचर्यावरील एक व्याख्यान ऐकून औदुंबर पेटतो. जमविलेली नट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायामाला लागतो, आणि संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी त्याच्या वाटेत येते व व्रताचे जे व्हावयाचे ते होते. किशोरीच्या भूमिकेतील मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखाचा त्या काळी इतका गवगवा झाला की त्यात चित्रपटाचा खरा गुण झाकला गेला. तो गुण असा, की येथे पात्र कोणी औदुंबराच्या हाती दिलेले नाही. ते त्याने एका व्याख्यानाच्या भरात आपणच झडप घालून घेतले आहे. म्हणून नंदाची दया येते आणि औदुंबराचे हसू येते. सूर्यनमस्काराच्या वेडाची टर अत्र्यांनी 'साष्टांग नमस्कार' या १९३३ च्या नाटकात उडविलीच होती. उसन्या निश्चयाचे सोंग ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि किशोरी वाट पाहत बसत नाही! कथेची सूत्रे ती स्वतःच्या हाती घेते. तरीसुद्धा, प्रेमाचे सगळे श्रम तिनेच का करावेत, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही, हे सांगणे भाग आहे. तिच्या मनात औदुंबराविषयी नेमके काय आहे, हे त्याच्या फजितीच्या गडबडीत आपल्याला फारसे कळत नाही.

शाळेपुरते बोलावयाचे तर आमच्याकडे मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) आहे. आणीबाणीच्या दिवसांतील नववीचा वर्ग आणि मुकुंद जोशी. हा मुलगा अनुत्सुक मुळीच नाही. शिरोडकरच्या एका नजरेसाठी तो दिवस मोजतो. त्याचे घुटमळणे भीतीचे आहे, आणि ती भीती खरी आहे. जपानात १९४७ च्या शिक्षणसुधारणेनंतर मुलेमुली एकत्र शिकणे ही सर्वसामान्य रीत झाली, आणि शाळा सुटल्यावरची मंडळे हा विद्यार्थिजीवनाचा मान्य भाग आहे. म्हणजे हाचिमानला मुलीसमोर बसण्यासाठी एक खोली, एक टेबल आणि शिक्षिकेची परवानगी आयती मिळते. अशा ठिकाणी गप्प राहणे ही हौस असू शकते. मुकुंदाला अशी खोली नाही. मुलीशी दोन शब्द बोलणे हेच जेथे प्रकरण होते, तेथे गप्प राहणाऱ्याला आळशी म्हणता येत नाही. या कारणाने आम्ही मुकुंदाला अनुत्सुक नायकांच्या रांगेत बसवीत नाही, मग वरवर त्याचे वागणे कितीही सारखे दिसो.

वातारी यांच्याविषयी मात्र एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. ओरेकीसारखे नायक अनेकदा आपल्या आळसासह लाडके होऊन राहतात. हाचिमानला त्याचा लेखक तसा सुटू देत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौदाव्या खंडात, मूळ कथा संपताना, तो युकिनोला आपले मन सांगतो. तेही इतक्या आडवळणाने की प्रेमाचा साधा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, आणि तरी आपल्यामुळे तिच्या आयुष्याला जे वळण लागेल त्याची जबाबदारी तो पत्करतो. पात्र प्रथमच त्याने आपण होऊन उचलले. त्याच वेळी, जिने पहिल्यापासून त्याच्यासाठी खोलीत हसू टिकवून ठेविले, त्या युइगाहामा युईचे दुःखही लेखकाने पडद्याआड ढकललेले नाही. तिच्या अश्रूंना तेथे जागा मिळते, ही गोष्ट आम्हांस त्या शेवटच्या कबुलीपेक्षाही अधिक मोलाची वाटली.

सोळाव्या विहारातील रंग आता पुष्कळ उडाले आहेत. नंदाच्या कथेचे काही भाग प्रयासाने जुळवावे लागतात. सुंदरीची झुकलेली मान मात्र अंधुक उजेडातही ओळखता येते.