सिंधूचा जबाब

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकावर आजवर इतके लिहिले गेले आहे की, उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेने त्यात आणखी भर घालावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होते. सुधाकरवर लिहिले गेले, तळीरामावर लिहिले गेले. दारूबंदीच्या व्यासपीठांवरून तर हे नाटक कितीदा सांगितले गेले असेल याची गणतीच नाही. सिंधूवरही लिहिले गेले, पण बहुतेक वेळा ती आदर्श पतिव्रता की अवास्तव पतिव्रता, एवढ्या वादापुरतेच. सिंधू बोलते काय, कोणाशी बोलते आणि कोणत्या क्षणी बोलते, हे नीट पाहिले तर जरा वेगळी सिंधू हाती लागते. हा विचार मुळात माझा नाही. तो मला नववीच्या वर्गातल्या एका मुलीने दिला.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा आहे. आमच्या मुली घरी उर्दू बोलतात, बाजारात मराठी बोलतात आणि परीक्षेत दोन्हींना घाबरतात. पाठ्यपुस्तक संपले की मी त्यांना मराठी नाटकांच्या गोष्टी सांगते. एकदा ग्रंथालयातली 'एकच प्याला'ची जुनी, पाने सुटलेली प्रत वर्गात नेली. सोप्या भाषेत गोष्ट सांगत शेवटच्या अंकापर्यंत आले. वर्ग शांत होता, दोघीतिघींनी ओढणीने डोळेही पुसले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकीने विचारले, "मॅडम, पोलिस तो आया था ना? फिर उसने झूट कायकू बोली?"

माझ्याजवळ बी.एड.च्या पाठ टाचणात शोभेल असे उत्तर तयार होते. ती पतिव्रता होती, पतीला वाचवणे हाच तिचा धर्म होता, वगैरे. मी बोलण्याआधीच तिच्या शेजारची म्हणाली, "सच बोलती तो घर जाके और मार खाती." त्यावर पहिली मुलगी फटकन म्हणाली, "वो तो मरनेवालीच थी. अब कौन मारता उसकू?"

त्या दिवशी मी ताबडतोब फळा पुसायला घेतला, हे इथे कबूल करते. सिंधूच्या खोट्याचे भीतीतून मिळणारे नेहमीचे स्पष्टीकरण त्या मुलीने एका वाक्यात निकालात काढले होते.

कथानक वाचकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. सुधाकर हा हुशार पण कमालीचा मानी वकील. न्यायालयात झालेला अपमान त्याला सोसत नाही. त्याच्या पदरी असलेला तळीराम त्याला दुःख विसरण्यासाठी पहिला प्याला देतो आणि तिथून घसरण सुरू होते. वकिली जाते, पैसा जातो, अब्रू जाते. तरुण पत्नी सिंधू दळण दळून संसार ओढू लागते. एके दिवशी नशेत सुधाकरच्या हातून तान्हे मूल मारले जाते आणि सिंधूलाही जीवघेणा मार बसतो. तिचा भाऊ पद्माकर संतापाने फौजदाराला घेऊन येतो. मरणाच्या दारातली सिंधू फौजदाराला सांगते की जे झाले ते आपल्याच पडण्यामुळे झाले, नवऱ्याने काही केले नाही. ती मरते आणि सुधाकर विष मिसळलेला प्याला पिऊन तिच्यामागे जातो.

आता तिच्या शब्दांकडे येऊ. इथे एक अडचण सुरुवातीलाच सांगायला हवी. सिंधू म्हटले की रसिकांना तिची पदे आठवतात. पण गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी आमच्या विदर्भातल्याच सावनेर येथे, वयाच्या अवघ्या 33 व्या वर्षी वारले, आणि नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीकडून. पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली. म्हणजे सिंधू बोलते ते शब्द गडकऱ्यांचे, गाते ते गुर्जरांचे, आणि प्रेक्षकांनी ते ऐकले बालगंधर्वांच्या गळ्यातून. एका दुःखी स्त्रीचे दुःख तीन पुरुषांच्या हातांतून आपल्यापर्यंत आले आहे. या तिघांच्या मोठेपणाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण तिचे चरित्र तिच्या शब्दांतून शोधायचे तर गाणी थोडा वेळ बाजूला ठेवून तिचे गद्य वाचावे लागते, आणि ते फारसे कोणी वाचत नाही. पदांच्या सुरावटीत सिंधू सतत विरघळलेली, सतत शरण आलेली वाटते. गद्यात ती तशी नाही. गद्यात ती ठरवते.

तिने ठरवलेल्या दोन गोष्टी नाटकाला वळण देतात. पहिली म्हणजे तिची शपथ. संसार धुळीला मिळाल्यावर माहेरचा आधार तिच्यापुढे हात जोडून उभा आहे. भाऊ श्रीमंत आहे, मायाळू आहे, तिला घेऊन जायला तयार आहे. ती जात नाही. आपल्या कष्टाखेरीज कोणाच्याही, अगदी सख्ख्या भावाच्याही पैशावर जगणार नाही, असे वचन ती पतीला देते आणि ते खरे करून दाखवते. या वचनातली निष्ठा सगळे समीक्षक पाहतात. मला त्यातला हट्ट दिसतो. सुधाकरचा मानीपणा तोंडाळ आहे, सिंधूचा मानीपणा जात्यावर बसलेला आहे, पण जात एकच. दारूड्याच्या अवस्था टप्प्याटप्प्याने उलगडून सांगणारे सुधाकरचे प्रदीर्घ भाषण प्रसिद्ध आहे. सुधाकर बोलतो सुंदर आणि त्यातले काहीच पाळत नाही. सिंधू थोडे बोलते आणि एकदा बोललेले मोडत नाही. नाटकात शब्दाला किंमत आहे ती तिच्यामुळे.

ही किंमत लक्षात घेतली तरच शेवटच्या जबाबाचे वजन कळते. ज्या बाईचा शब्द आजवर खोटा ठरला नाही, ती मरताना खोटे बोलते, आणि तेही घरातल्या माणसाजवळ नाही, सरकारी अधिकाऱ्यासमोर.

कायद्याचा एक मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 32 प्रमाणे मरणाऱ्या व्यक्तीने आपल्या मरणाच्या कारणाविषयी केलेले निवेदन पुराव्यात घेतले जात असे. 1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही ही तरतूद आहे. मृत्यूपूर्व जबाबामागचा समज असा की, मरणाच्या उंबऱ्यावर उभा असलेला माणूस खोटे बोलत नाही. सिंधू ही वकिलाची बायको आहे. आपल्या शेवटच्या चार वाक्यांचे वजन किती, हे तिला कळत नसेल असे मला वाटत नाही. खोलीतल्या सगळ्यांना खरे काय ते ठाऊक आहे. भावाला ठाऊक आहे, रामलालला ठाऊक आहे. तरी तिच्या शब्दापुढे सगळ्यांचे खरे लुळे पडते. नाटकभर जिच्या आयुष्याचे निर्णय इतरांच्या प्याल्यांनी, पैशांनी आणि रागाने घेतले, ती शेवटी एका जबाबाने भावाचा राग, फौजदाराचा अधिकार आणि कायदा, तिन्ही अडवून धरते. तिला दुबळी म्हणणाऱ्यांनी हा प्रवेश पुन्हा वाचावा.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मध्ये डेस्डिमोना मरताना जवळजवळ हेच करते. कोणी मारले असे विचारल्यावर ती दोष स्वतःकडे घेते. या नाटकावरून गोविंद बल्लाळ देवल यांनी 1890 साली 'झुंझारराव' लिहिले होते, तेव्हा मरता मरता पतीला वाचवणारी नायिका मराठी रंगभूमीला नवी नव्हती. पण फरक मोठा आहे. डेस्डिमोना आपल्या दासीशी, एमिलियाशी बोलते, आणि तीच एमिलिया पुढे जिवाची पर्वा न करता सगळे सत्य चव्हाट्यावर आणते. डेस्डिमोनाचे खोटे टिकत नाही. सिंधूचे टिकते. 'एकच प्याला'त एमिलियाचे काम करू शकेल अशी एक बाई आहे, तळीरामाची बायको गीता. तिची जीभ फटकळ. सिंधू जे झाकते ते गीता उघड करते, नवऱ्याच्या दुर्गुणांना चारचौघांत नावे ठेवते, पातिव्रत्याच्या गोष्टींचे तिला कौतुक नाही. गडकऱ्यांनी तिला विनोदी प्रवेशांत ठेवले आणि प्रेक्षक तिला हसले. माझ्या वर्गात मात्र तिला कोणी हसले नाही. "ये अच्छी है," असा निकाल लागला. आर्य मदिरा मंडळाच्या धमाल प्रवेशांना हसून दमलेल्या मुली गीता बोलू लागली की गप्प ऐकत होत्या. गडकऱ्यांना खरे बोलणारी बाई दिसत होती, पण जबाब घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी लेखणी तिच्याकडे वळवली नाही.

हे सगळे मला इतके का लागले, तेही सांगते. माझी एक चुलत बहीण आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती हाताला प्लास्टर लावून माहेरी आली. मोरीत पाय घसरला, म्हणाली. पुढच्या वर्षी जिन्यावरून पडली. आमच्या खानदानात सगळ्यांना कळत होते की त्या घराला जिनाच नाही. पण "पडली" या शब्दाने सगळ्यांचीच सोय होत होती, माझीसुद्धा. मी तेव्हा बी.एड. करीत होते आणि स्त्रीशिक्षणावर निबंध लिहीत होते. भारतीय दंड संहितेत 498-अ हे कलम 1983 पासून होते, 2005 साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदाही आला. कायदे पुस्तकात होते, आणि कायद्याला लागणारे एक वाक्य आमच्या घरात कोणाच्या तोंडून निघत नव्हते.

वर्गातल्या त्या प्रश्नानंतर मी आपाला सिंधूची गोष्ट सांगितली. ती आता मुलांसह वेगळी राहते, शिवणकाम करते. मी विचारले, तुला काय वाटते, ती का खोटे बोलली असेल? आपा मशीनवरून नजर न काढता म्हणाली, "उसका भाई खुद पोलिस लेके आया था. मेरे लिए कौन लाया?" मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने तिने दोरा तोडला आणि विचारले, "और बच्चे का क्या बताई वो?"

मी घरी येऊन तो प्रवेश पुन्हा वाचला. इतक्या वेळा वाचूनही ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती, आणि मी वाचलेल्या समीक्षेतही ती मला भेटली नाही. सिंधूने स्वतःवरच्या घावाबद्दल खोटे सांगणे हा तिचा अधिकार म्हणता येईल. घाव तिचा, जीव तिचा, क्षमा करण्याचा हक्कही तिचा. पण त्या जबाबात मुलाचे मरणही आहे. त्या तान्ह्या जीवाच्या वतीने बोलणारे जगात दुसरे कोणी नव्हते. आईच त्याची एकमेव साक्षीदार होती आणि आईनेच साक्ष फिरवली. 'सूरह निसा'मध्ये न्यायाची साक्ष देताना ती स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी द्यावी, असा हुकूम आहे. आमच्या मुलींना तो तोंडपाठ आहे. त्या तराजूत सिंधूचे पारडे खाली येत नाही. लेखणी हातात घेऊन तिला आरोपी करण्याची माझी इच्छा नाही. तरी तिच्या शब्दांवरून तिचे चरित्र काढायचे म्हटले तर हाही शब्द मोजावा लागतो. पत्नी म्हणून ती ज्या क्षणी सर्वांत उंच दिसते, त्याच क्षणी आई म्हणून ती गप्प आहे.

गडकऱ्यांना हे जाणवले असावे. नाहीतर त्यांनी सुधाकरला विष का पाजले असते? सिंधूच्या जबाबाने तो फाशीच्या दोरापासून, तुरुंगापासून सुटला होता. सुधारून रडत जगणारा सुधाकर दाखवणे नाटककाराला सोपे होते, प्रेक्षकांना आवडलेही असते. पण मूल गेले होते आणि कायद्याचा रस्ता आईने बंद केला होता. तेव्हा शिक्षा द्यायला सुधाकरच उरला. हा शेवट दारूविरोधी उपदेशासाठी आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला तो त्या मुलाच्या बाजूने लिहिलेला वाटतो.

यंदा नववीला हे नाटक सांगताना मी शेवटचा प्रवेश मुलींना वाचून दाखवला नाही. फौजदार दारात येतो तिथे पुस्तक मिटले आणि सिंधूचा जबाब त्यांनाच लिहायला सांगितला, मराठीत किंवा उर्दूत, जमेल तसा. एकतीस वह्या आल्या. बारा जणींची सिंधू पडली होती, सोळा जणींच्या सिंधूने सुधाकरचे नाव घेतले होते. एका वहीत फक्त "बच्चे को पहले देखो" एवढेच होते. दोघींनी पान कोरे ठेवले. त्या दोन वह्या मी अजून परत दिलेल्या नाहीत.