परिचर्या व प्रसूतिविद्या व्यवसायाचे नियमन : १९४७ ते २०२३ या वाटचालीची एक चिकित्सा

प्रस्तावना :

कोणत्याही व्यवसायाला 'व्यवसाय' म्हणून मान्यता मिळते ती प्रामुख्याने तीन गोष्टींमुळे. त्या व्यवसायाचे स्वतंत्र ज्ञान असते, ते ज्ञान देण्याची ठरलेली पद्धत असते आणि ते ज्ञान असलेल्या व्यक्तींची अधिकृत नोंदवही असते. वैद्यक आणि वकिली या व्यवसायांना या तिन्ही गोष्टी तुलनेने लवकर लाभल्या. परिचर्या आणि प्रसूतिविद्या यांना मात्र त्या उशिरा आणि अपुऱ्या स्वरूपात मिळाल्या. हे दोन्ही व्यवसाय प्रामुख्याने स्त्रियांचे आहेत, ही बाब या विलंबाचा विचार करताना दुर्लक्षिता येत नाही.

भारतात या व्यवसायांचे नियमन दीर्घकाळ भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ या कायद्याच्या आधारे झाले. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम संमत केला. या बदलाचे स्वागत करताना बहुतेक वेळा एकसमान दर्जा, ऑनलाइन नोंदवही आणि दंडाची तरतूद या बाबींवर भर दिला जातो. प्रस्तुत लेखात त्यापलीकडच्या एका प्रश्नाचा विचार केला आहे. नोंदणी हे समाजाच्या संरक्षणाचे साधन आहे. पण नोंदणीकृत परिचारिकेला आणि प्रसाविकेला त्या नोंदणीतून नेमका कोणता अधिकार मिळतो, हा तो प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला स्वतंत्र राष्ट्रीय कायदा न्यूझीलंडमध्ये १९०१ साली झाला. इंग्लंडमध्ये प्रसाविकांचा कायदा १९०२ साली झाला, तर परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा होण्यास १९१९ साल उजाडावे लागले. या विलंबामागे केवळ शासनाची उदासीनता नव्हती. एथेल गॉर्डन फेनविक यांनी १८८७ पासून नोंदणीसाठी चळवळ चालविली, तर आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नोंदणीला विरोध केला. परीक्षेतून ज्ञान तपासता येते, परंतु रुग्णाची सेवा करण्यास लागणारा स्वभाव आणि निष्ठा नोंदवहीत उतरविता येत नाही, असा त्यांच्या विरोधाचा आशय होता. हा वाद इतिहासजमा झालेला नाही. आजही नियमनाचा कोणताही कायदा परीक्षा, प्रमाणपत्र आणि नोंदणी क्रमांक यांभोवती फिरतो व प्रत्यक्ष सेवेचा दर्जा त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

१९०२ च्या इंग्रजी कायद्यातील दोन बाबी भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. पहिली अशी की, या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय प्रसाविका मंडळावर एकही प्रसाविका असण्याचे बंधन नव्हते. मंडळावर डॉक्टरांचे वर्चस्व होते. दुसरी अशी की, औपचारिक शिक्षण नसलेल्या, परंतु किमान एक वर्ष प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या आणि चांगल्या वर्तणुकीच्या स्त्रियांना संक्रमणकाळात नोंदवहीत प्रवेश देण्यात आला. त्यामुळे जुन्या सुईणींना एका दिवसात बेकायदा ठरविण्याची वेळ आली नाही. व्यवसायाची सूत्रे व्यावसायिकांच्या हाती न देणारा हा कायदा परंपरागत अनुभवाला मात्र काही काळ सामावून घेत होता.

भारतातील सुईणीकडे पाहण्याची दृष्टी वेगळी राहिली. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत १८८६ साली वैद्यकीय पदवीसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा होता. या विषयाला ज्ञानाचे स्थान आहे, ही जाणीव त्या निवडीत दिसते. याउलट, १८८५ चा लेडी डफरिन निधी आणि १९०३ चा व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधी यांच्या कार्यात दाई ही प्रामुख्याने सुधारण्याची वस्तू ठरली. मद्रास प्रांतात १९२६ साली आणि मुंबई प्रांतात १९३५ साली नोंदणीचे कायदे झाले. १९४७ च्या केंद्रीय कायद्याने परिचारिका, प्रसाविका आणि आरोग्य अभ्यागता यांच्या शिक्षणासाठी समान दर्जाची चौकट आखली. पारंपरिक दाई त्या चौकटीबाहेर राहिली. खेड्यापाड्यांतील बहुसंख्य बाळंतपणे मात्र त्यानंतरही कित्येक दशके तिच्याच हातून होत होती.

१९४७ चा कायदा : सामर्थ्य आणि मर्यादा

भोर समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालानुसार ब्रिटिश भारतात सुमारे ७,००० परिचारिका होत्या आणि हे प्रमाण ४३,००० लोकसंख्येमागे एक असे होते. या पार्श्वभूमीवर १९४७ च्या कायद्याचे महत्त्व ध्यानात येते. प्रांताप्रांतांत वेगवेगळ्या असलेल्या पात्रतांना परस्परमान्यता मिळाल्याशिवाय परिचारिकेला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन काम करणे अवघड होते. ही अडचण या कायद्याने बऱ्याच अंशी दूर केली.

परिषदेची रचनाही लक्षणीय होती. प्रत्येक राज्य परिषदेकडून निवडून आलेली परिचारिका, प्रशिक्षण संस्थांच्या प्रमुखांमधून निवडलेले प्रतिनिधी आणि परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेचा प्रतिनिधी यांना कायद्यानेच स्थान होते. डॉक्टर आणि शासकीय अधिकारीही तेथे होते. तथापि व्यवसायाचे नियमन व्यवसायाने निवडलेल्या प्रतिनिधींच्या सहभागाने व्हावे, हे तत्त्व कायद्याने स्वीकारले होते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. कायद्याची भाषा मुख्यतः 'पात्रतेला मान्यता' देण्याची होती. खासगी परिचर्या महाविद्यालयांची संख्या वेगाने वाढू लागली, तेव्हा संस्थांवर नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार या कायद्याने केंद्रीय परिषदेला दिलेला नाही, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. केंद्रीय परिषद, राज्य परिषद, राज्य शासन आणि विद्यापीठ अशा चार अधिकारस्थानांमध्ये सापडलेल्या विद्यार्थिनीला आपल्या प्रमाणपत्राचे मोल काय, याची खात्री देणारी व्यवस्था उरली नव्हती. नव्या कायद्याची गरज होती, हे त्यामुळे मान्य करावेच लागते.

२०२३ चा अधिनियम : एक परीक्षण

नव्या अधिनियमाने २९ सदस्यांचा राष्ट्रीय आयोग, शिक्षण, मूल्यमापन आणि नीती व नोंदणी या विषयांसाठी तीन स्वायत्त मंडळे आणि प्रत्येक राज्यात १० सदस्यांचा राज्य आयोग अशी रचना केली आहे. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अधिनियमाच्या नावातच 'प्रसूतिविद्या' या शब्दाला स्थान मिळाले, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. १९४७ च्या कायद्याच्या नावात तो शब्द नव्हता.

तथापि या रचनेबाबत तीन आक्षेप नोंदविणे आवश्यक ठरते.

पहिला आक्षेप प्रतिनिधित्वाचा आहे. निवडणुकीचे तत्त्व मागे पडून निवड समितीमार्फत नियुक्ती हे तत्त्व पुढे आले आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाने जो साचा तयार केला, तोच येथे वापरला आहे. निवडून आलेल्या परिषदांमध्ये गटबाजी आणि गैरव्यवहार शिरतात, हा त्यामागील युक्तिवाद निराधार नाही. परंतु डॉक्टरांच्या परिषदेतील दोषांवर शोधलेला उपाय परिचारिकांना जसाच्या तसा लागू करताना एक फरक दुर्लक्षिला जातो. डॉक्टरांना रुग्णालयात, शासनात आणि समाजात आधीच सत्तास्थान आहे. निवडणूक गेली तरी त्यांचा आवाज जात नाही. परिचारिकेच्या बाबतीत परिषदेवरील निवडून आलेली जागा हेच निर्णयप्रक्रियेत पोहोचण्याचे एक मोजके साधन होते. आयोगावर अनुभवी परिचारिका नियुक्त होतील, ही शक्यता आहेच. परंतु नियुक्त सदस्य नियुक्ती करणाऱ्यास उत्तरदायी असतो आणि निवडून आलेला सदस्य मतदारास, हा भेद शिल्लक राहतो.

दुसरा आक्षेप दंडाच्या रोखाचा आहे. नोंदणीविना काम करणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने अपराधी आहे. प्रत्यक्षात लहान खासगी रुग्णालयांत दहावी-बारावी झालेल्या मुलींना काही महिने काम शिकवून, पांढरा कोट देऊन, 'सिस्टर' म्हणून उभे करण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. त्या मुलीला नोंदणी म्हणजे काय, हे बहुधा ठाऊकही नसते. तिच्या तुटपुंज्या पगारातून होणारी बचत मात्र रुग्णालयाच्या मालकाची असते. मुंबई राज्याच्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने प्रसूतिगृहाच्या नोंदणीचा संबंध तेथील अर्हताप्राप्त प्रसाविकेच्या नेमणुकीशी जोडला होता. म्हणजे संस्थेच्या परवान्याला कर्मचाऱ्यांच्या पात्रतेची अट घालण्याची कल्पना या राज्याला पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. व्यक्तीची नोंदणी आणि संस्थेची नोंदणी या दोन व्यवस्था एकमेकींशी जोडल्याखेरीज शिक्षेची तरतूद सर्वांत दुर्बल घटकावरच पडण्याचा धोका आहे.

नोंदणीकृत परिचारिकेची आर्थिक स्थितीही याच संदर्भात पाहावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानुसार नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांत परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये वेतन द्यावे, अशी शिफारस केली. २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयांत शासकीय वेतनाशी बरोबरी असावी, असेही समितीने सुचविले. शिफारस ही शिफारसच असते. नियमनाचा कायदा परिचारिकेकडून पात्रता, नूतनीकरण आणि सातत्यपूर्ण शिक्षण यांची मागणी करतो. परंतु त्या पात्रतेचे मूल्य तिला मिळेल, याची हमी त्याच्या कक्षेत येत नाही. कर्तव्य कायद्याने ठरावे आणि मोबदला बाजाराने ठरवावा, अशी ही विभागणी आहे.

तिसरा आणि सर्वांत मूलभूत आक्षेप प्रसाविकेच्या स्वतंत्र ओळखीचा आहे. भारतात परिचर्येची पदविका किंवा पदवी घेणारी विद्यार्थिनी एकाच वेळी 'नोंदणीकृत परिचारिका' आणि 'नोंदणीकृत प्रसाविका' होते. वरवर पाहता हा दुहेरी लाभ आहे. प्रत्यक्षात प्रसूतिविद्या हा परिचर्येच्या अभ्यासक्रमातील एक विषय होऊन बसला आणि नोंदवहीतील लक्षावधी 'प्रसाविकां'पैकी फारच थोड्यांना स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करण्याची संधी मिळते.

सहायक परिचारिका प्रसाविकेचा इतिहास याचीच साक्ष देतो. १९५१ साली पंजाबातील तरनतारन येथे सुरू झालेले तिचे प्रशिक्षण दोन वर्षांचे होते आणि त्यात प्रसूतीला मध्यवर्ती स्थान होते. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर ती 'बहुउद्देशीय आरोग्य सेविका' झाली आणि १९७७ साली तिचे प्रशिक्षण १८ महिन्यांवर आले. सपाट प्रदेशात ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येच्या उपकेंद्राची ती आधारस्तंभ बनली. कुटुंबनियोजन, लसीकरण, सर्वेक्षण आणि अहवाललेखन यांच्या भाराखाली तिच्यातील प्रसाविका मागे पडत गेली. नोंदवहीतील तिचे नाव कायम राहिले, तिच्या हातचे कौशल्य मात्र क्षीण झाले.

याचा परिणाम प्रसूतिसेवेच्या स्वरूपावर दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये झाली. ही मोठी प्रगती आहे. महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले होते. परंतु त्याच सर्वेक्षणात खासगी संस्थांमधील शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण ४७.४ टक्के, तर शासकीय संस्थांमध्ये १४.३ टक्के आढळले. या तफावतीची कारणे अनेक आहेत. तरीही नैसर्गिक प्रसूतीची तज्ज्ञ असलेली स्वतंत्र प्रसाविका व्यवस्थेत जवळजवळ नसणे, हे त्यांपैकी एक कारण मानावे लागते. ब्रिटनमध्ये प्रसाविका ही नोंदवहीच्या स्वतंत्र भागात असते आणि आणीबाणीचे व प्रशिक्षणाचे प्रसंग वगळता प्रसूती करण्याचा अधिकार नोंदणीकृत प्रसाविका आणि डॉक्टर यांनाच आहे. तेथे नोंदणीतून केवळ नाव मिळत नाही, कार्यक्षेत्र मिळते.

भारतानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसूतिविद्या सेवांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि १८ महिन्यांच्या विशेष प्रशिक्षणातून 'परिचर्या व्यवसायी प्रसाविका' तयार करण्याचे ठरविले. तेलंगणाने त्यापूर्वीच, २०१७ साली, असे प्रशिक्षण सुरू केले होते. परंतु मार्गदर्शक तत्त्वे शासकीय आदेशाने येतात आणि आदेशानेच बदलतात. औषध लिहून देणे, रुग्णास दाखल करणे, नैसर्गिक प्रसूतीचा निर्णय स्वतः घेणे या बाबी प्रसाविकेच्या कायदेशीर कार्यक्षेत्रात स्पष्टपणे आल्या नाहीत, तर काही विपरीत घडताच तिचे सर्व प्रशिक्षण बाजूला पडून 'डॉक्टरांची परवानगी होती का?' हाच प्रश्न विचारला जाईल.

समारोप :

१९४७ च्या कायद्याने परिचर्येला एकसमान पात्रता दिली. २०२३ च्या अधिनियमाने एकसमान प्रशासन देऊ केले आहे. या दोहोंच्या मध्ये राहून गेलेली गोष्ट म्हणजे व्यावसायिक स्वायत्तता. अधिनियमाखाली होणारे विनियम ही उणीव काही प्रमाणात भरून काढू शकतात. त्यासाठी प्रसाविकेचे कार्यक्षेत्र निश्चित शब्दांत लिहिले जाणे, राज्य आयोगांवर प्रत्यक्ष रुग्णसेवेतील परिचारिकांना आणि उपकेंद्रांवरील सेविकांना स्थान मिळणे आणि रुग्णालयाचा परवाना तेथील नोंदणीकृत मनुष्यबळाशी जोडला जाणे, या तीन गोष्टी किमान आवश्यक आहेत.

परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापकांवरही यासंदर्भात विशेष जबाबदारी येते. विद्यार्थिनीला नोंदणीचा अर्ज कसा भरावा, हे आज शिकविले जाते. नोंदणीकृत व्यावसायिक म्हणून तिचे अधिकार कोणते, तिच्या परिषदेवर कोण बसते आणि तेथे तिचे म्हणणे कोण मांडते, हे अभ्यासक्रमात क्वचितच येते. नोंदवहीतील नाव हे समाजाने व्यवसायावर टाकलेल्या विश्वासाचे चिन्ह होय. तो विश्वास सार्थ करण्यासाठी निर्णयाचा अधिकारही द्यावा लागतो. विनियम तयार करताना हा अधिकार कोणत्या शब्दांत मांडला जातो, यावर नव्या अधिनियमाचे यशापयश मोजावे लागेल.