मामा आणि फासे

पापडी म्हटलं की लोकांना शेवपुरीची बशी आठवते. मला आठवतं ते वसईच्या पापडीतलं बहिणीचं घर. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तिथे टेकलो, तोच भाचा म्हणाला, "मामा, एक भिडू कमी पडतोय, बसा." पत्ते असतील म्हणून बसलो. पाहतो तर समोर चक्क वीस बाजूंचा फासा! मामा आणि फासे ही जोडी आपल्याकडे काही शुभ मानलेली नाही. पण एव्हाना मांडी ठोकली होती.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन तिच्यात शिरायचं, आणि अडेल तिथे फासा टाकायचा.

आधी पात्र जन्माला घालावं लागतं. जुन्या रीतीने तीन फासे टाकायचे. बेरीज येईल ते गुण. विषय सहा : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण यांना वेगळे गुण देणारा माणूस कचेरीत राबलेला असणार, हे मी तिथेच ताडलं. गायगॅक्स एके काळी विमा कंपनीत होते, हे मागाहून कळलं. मला बळ पाच आणि छाप सोळा मिळाली. म्हणजे हुबेहूब आमचे जुने साहेब!

पण गुणपत्रिकेने माणूस उभा राहत नाही, हे या खेळाचं दुखणं. तो निघाला युद्धाच्या खेळांतून. त्यामुळे तलवारीच्या घावाला पानंच्या पानं नियम, आणि मनाला मात्र समास. तासभर मी नुसते आकडे वाचत होतो.

मग भाची म्हणाली, "मामा, तुमचा माणूस भितो कशाला?"

'बायकोला' हे ठरलेलं उत्तर ओठांवर आलं. ती जाऊन चार वर्षं झाली, पण विनोदाची सवय जात नाही. तोंडून मात्र निघालं, "संध्याकाळी घरी परत जायला."

कोणी हसलं नाही. भाच्याने गोष्टीतला राक्षस जरा लांब थांबवला आणि वाटेत एक झोपडी आणली. झोपडीत दिवा होता.

कोकणातले दशावतारी लिहिलेल्या संहितेवाचून रात्र जागवतात, ते याच बळावर. कथानक ठरलेलं असतं, बोलणं आयत्या वेळचं. समोरच्याने नेमकं विचारलं की सोंगातून माणूस बोलू लागतो. फासा नशीब ठरवील. स्वभाव सोबतीच विचारून काढतात.

एकच तक्रार. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली जिंकलेला किल्ला रिक्षाच्या अंतरावर असताना पोरांची भुयारं परदेशातली! तसं बोललो, तर भाचा म्हणाला, "पुढच्या रविवारी गोष्ट किल्ल्यातच. मामा, याल ना?"

"फासा टाकून बघतो," मी म्हणालो.

एक पडला तरी जाणार आहे.