बालकादंबरीतील अद्भुत आणि घरातील दुःख

बालवाङ्मयातील अद्भुताविषयी दोन मते वारंवार मांडली जातात. एका मतानुसार अद्भुत म्हणजे मुलाला वास्तवापासून दूर नेणारा विरंगुळा; दुसऱ्या मतानुसार ते त्याच्या कल्पनाशक्तीचे पोषण होय. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या मतांत एक गृहीत समान आहे : अद्भुत आणि घर ही दोन निराळी स्थाने असून मूल एकातून दुसऱ्यात जाते. सी. एस. लुइस यांच्या १९५० सालच्या कादंबरीतील मुले कपाटातून नार्नियात जातात, ती या गृहीताला धरूनच. परंतु अद्भुत प्राणी जेव्हा संकटग्रस्त घराच्या परसातच येऊन ठाकतो, तेव्हा हे गृहीत अपुरे पडते. डेव्हिड आमंड यांची ‘स्केलिग’ (१९९८) आणि शिव्हॉन डाउड यांच्या मूळ कल्पनेवरून पॅट्रिक नेस यांनी लिहिलेली ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) या कार्नेगी पदकप्राप्त इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे या प्रकाराचा विचार येथे करावयाचा आहे.

‘स्केलिग’मधील मायकेलचे कुटुंब नुकतेच एका मोडकळीस आलेल्या घरात राहावयास आले आहे. अकाली जन्मलेली त्याची बहीण हृदयाच्या विकाराने अत्यवस्थ आहे आणि आईवडिलांचे सारे लक्ष तिच्याकडे लागले आहे. पडक्या गॅरेजमध्ये मायकेलला धुळीने माखलेला, मेलेल्या माश्या खाणारा, संधिवाताने जखडलेला एक जीव आढळतो; पुढे त्याच्या पाठीवर पंख असल्याचे कळते. हा देवदूत आहे की आणखी काही, याचा निर्णय कादंबरी देत नाही. महत्त्वाचे हे की, तो मायकेलला काही देत नाही, मागतो : ॲस्पिरिन, चिनी खाणावळीतले पदार्थ, बिअर. बहिणीसाठी काहीही करू न शकणाऱ्या मुलाला येथे करण्याजोगे काही मिळते. तो रुग्णालयात संधिवातावरचे उपाय विचारतो, शेजारच्या मीनाच्या मदतीने त्या प्राण्याला सुरक्षित जागी हलवतो. घरातील असहायतेला अद्भुताने सेवेची वाट करून दिली आहे. याला पलायन म्हणणे कठीण आहे.

‘अ मॉन्स्टर कॉल्स’ याहून कठोर आहे. कॉनरची आई कर्करोगाने मरणपंथास लागली आहे. वडील अमेरिकेत दुसऱ्या संसारात रमले आहेत. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी यू वृक्षाचे रूप असलेला राक्षस येतो, तीन कथा सांगतो आणि चौथी कथा कॉनरने सांगावी अशी अट घालतो. या कादंबरीतील सर्वांत मार्मिक निरीक्षण शिक्षेसंबंधी आहे. कॉनर आजीच्या दिवाणखान्याची नासधूस करतो, शाळेत एका मुलाला बेदम मारतो. तरीही त्याची कीव करणारे मोठे लोक त्याला शिक्षा करीत नाहीत. त्याला मात्र शिक्षाच हवी आहे. आईचे दुखणे एकदाचे संपावे, असे त्याच्या मनाने इच्छिले आहे, आणि ही इच्छा हाच त्याच्या लेखी अपराध आहे. त्याच्यावर दया न दाखवता त्याच्याकडून सत्य वदवून घेणारा एकटा राक्षसच आहे.

भरताने नाटकाच्या निर्वहणात अद्भुत रसाची योजना सांगितली आहे. गुंतलेले कथानक विस्मयात सुटावे, हा त्यामागील हेतू असावा. प्रस्तुत कृतींत क्रम उलटा आहे. अद्भुत आरंभीच येते आणि शेवटी सुटते ती घटना नव्हे, तर कोंडलेला शोक. ‘स्केलिग’मधील बाळ शस्त्रक्रियेनंतर वाचते, आदल्या रात्री त्या पंखधारी प्राण्याने बाळाला उचलून घेतल्याचे आई सांगते, परंतु ते स्वप्न असू शकते. कॉनरची आई तर वाचत नाहीच. यू वृक्षापासून कर्करोगावरील औषधे मिळतात, या वस्तुस्थितीचा लेखकाने केलेला उपयोग येथे लक्षणीय आहे. तशाच औषधावर कॉनरची आशा खिळते आणि ती विफल होते. राक्षस आईला बरे करण्यासाठी आलेलाच नव्हता. तो कॉनरसाठी आला होता.

तथापि दोन्ही कृती सारख्या तोलाच्या मानता येणार नाहीत. नेस यांच्या राक्षसाचे प्रत्येक आगमन कॉनरच्या मनोव्यापाराशी इतके नेमके जुळवलेले आहे की, तो अखेरीस एका मानसोपचाराचे साधन ठरतो. अर्थ हाती आला की प्राणी उरत नाही. आमंड यांच्या कृतीतही दोष आहे : मीनाच्या तोंडी वारंवार येणारा विल्यम ब्लेक हा लेखकाचा आशय वाचकाच्या गळी उतरवू पाहतो. परंतु स्केलिग स्वतः कोणत्याही आशयात संपत नाही. त्याचे दुखणारे सांधे, त्याचा तिरसटपणा, त्याचे खाणे ही त्याची स्वतःची आहेत. मायकेलचे दुःख बाजूला काढले तरी तो शिल्लक राहतो, आणि म्हणूनच त्या दुःखाला त्याचा खरा शेजार लाभतो.

अशा कादंबऱ्यांचे मूल्यमापन करताना अद्भुताने संकट दूर केले काय, हा प्रश्न गौण होय. घरात ज्या भावनेला बोलण्यास जागा नव्हती तिला त्याने जागा दिली काय, आणि ती देताना स्वतःचे अस्तित्व राखले काय, हे दोन प्रश्न विचारावयास हवेत. पहिल्या कसोटीवर या दोन्ही कृती उतरतात. दुसऱ्या कसोटीवर ‘स्केलिग’ अधिक खरी उतरते.