परक्या नाट्यगृहातील मराठी कान

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’चा पडदा वर जातो त्या क्षणी दुसऱ्या कोणत्या तरी नाटकाचा पडदा नुकताच पडलेला असतो. रात्रीचे सव्वाअकरा वाजले आहेत, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात उन्हाळ्यातला मुसळधार पाऊस कोसळत आहे आणि नाटक पाहून बाहेर पडलेली मंडळी चर्चच्या खांबांच्या आश्रयाने गाडीची वाट पाहत आहेत. या घोळक्यात हिंदुस्थानातून आलेला कर्नल पिकरिंग आहे. आयुष्यातील मोठा काळ परमुलखात घालवून तो मायदेशी आलेला आहे. टिपणे घेत उभा असलेला हिगिन्स त्याचे दोन शब्द ऐकतो आणि त्याची शाळा, त्याचे विद्यापीठ व शेवटी हिंदुस्थान, असा त्याच्या वास्तव्याचा क्रमच सांगून टाकतो. फुले विकणाऱ्या एलायझाचा उच्चार जसा तिचा पत्ता सांगतो तसाच तो कर्नलचाही सांगतो. पिकरिंगकडे हिगिन्सचा सज्जन सोबती एवढ्याच दृष्टीने पाहण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे ही गोष्ट झाकली जाते.

पिकरिंग हा बोली संस्कृतवरील एका ग्रंथाचा कर्ता आहे. हा विनोद लंडनच्या प्रेक्षकाला एका अंगाने कळतो, तर पुण्याच्या वाचकाला दुसऱ्या अंगाने. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा यांवर विल्सन व्याख्याने दिली ती १८७७ साली, म्हणजे या नाटकापूर्वी साडेतीन दशके. १८८६ मध्ये ते प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेसाठी व्हिएन्नास गेले होते. नाटकात मात्र हिंदुस्थानच्या भाषांचे ज्ञान लष्करी अधिकाऱ्याच्या सामानातून लंडनला येते. त्या भाषा बोलणारा माणूस रंगमंचावर कोठेच नाही. तो असलाच तर प्रेक्षागृहात, आणि तेथेही बहुधा सर्वांत वरच्या, स्वस्त सज्जात.

या वरच्या सज्जातील प्रेक्षकाचा विचार करण्यास एक काळ विशेष सोयीचा आहे. ‘पिग्मॅलियन’वर आधारलेली ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात एप्रिल १९५८ मध्ये सुरू झाली आणि १९६३ पर्यंत चालली. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी लंडनमध्ये राहिलेला मराठी माणूस त्या वर्षांत हे नाटक पाहावयास गेला असेल, तर त्याला एक विलक्षण योग लाभला. कॉव्हेंट गार्डनचा बाजार त्या नाट्यगृहापासून काही पावलांवर होता, आणि १९७४ पर्यंत तो तेथेच भरत असे. रंगमंचावर पाहिलेला मोहल्ला बाहेर पडताच प्रत्यक्ष भेटावा, असा हा प्रकार. परंतु शेजारच्या इंग्रज प्रेक्षकाला जे ऐकू येत होते तेच याला येत होते काय?

तसे ते येत नव्हते, असे म्हणावे लागते. एलायझाच्या बोलीत ‘ह’ गळतो. इंग्रज कानाला हा ‘ह’चा लोप तात्काळ सामाजिक पायरी दाखवितो. मराठी कानाला तो लोप ऐकू येतो, पण खटकत नाही. कारण ‘नाही’चे ‘नाय’ आणि ‘पाहिजे’चे ‘पायजे’ हे त्याच्या स्वतःच्या घरात, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडीही, रोजचेच असते. स्वरांची गोष्ट याच्या उलट आहे. पाऊस आणि स्पेन यांच्या सुप्रसिद्ध पाठात जो स्वर सुधारण्यासाठी हिगिन्स रात्र जागवितो, तो शिष्ट इंग्रजीत ‘एइ’सारखा संयुक्त स्वर आहे आणि एलायझाच्या तोंडी तो ‘आइ’कडे झुकतो. मराठी माणसाच्या इंग्रजीत त्या जागी सरळ, दीर्घ, एकजिनसी ‘ए’ असतो. म्हणजे ज्या दोन टोकांमधील अंतरावर अख्खा प्रवेश उभा आहे, त्यांपैकी एकही टोक त्याच्या मुखात नाही. तो हसतो, पण शेजाऱ्याच्या हसण्यानंतर क्षणभराने. विनोद कळण्याआधी त्याला तो ओळखावा लागतो.

यावरून त्या प्रेक्षकाला नाटक कमी कळते असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. ‘पिग्मॅलियन’चा पहिलाच प्रयोग लंडनला झालेला नाही. तो १६ ऑक्टोबर १९१३ रोजी व्हिएन्नात, जर्मन भाषांतरात झाला. इंग्रजी प्रयोगास एप्रिल १९१४ उजाडावे लागले. ज्या नाटकाचा विषय इंग्रजी उच्चार आहे तेच नाटक इंग्रजी न बोलता प्रथम उभे राहिले, आणि ते उभे राहू शकले! छापील संहितेतही शॉ यांनी एलायझाची बोली हुबेहूब लिहिण्याचा खटाटोप चारदोन वाक्यांनंतर सोडून दिला आहे आणि लंडनबाहेर ती कोणास कळणार नाही, अशी कबुली रंगसूचनेतच दिली आहे. परक्या कानाची जाणीव लेखकाने संहितेत जागी ठेवली होती, असाच याचा अर्थ.

हा परका कान नाटकात एकदा उघडपणे बोलतोही. १९३८ च्या चित्रपटासाठी रचलेल्या आणि पुढे छापील नाटकात आलेल्या मेजवानीच्या प्रवेशात नेपोमुक नावाचा हंगेरियन दुभाषा आहे. एलायझाचे बोलणे ऐकून तो निर्णय देतो की ही इंग्रज असणे शक्य नाही. तिचे इंग्रजी फार निर्दोष आहे, आणि इतके निर्दोष इंग्रजी ज्याला ते शिकवावे लागले तोच बोलेल. त्याचे अनुमान साफ चुकते, निरीक्षण मात्र बिनचूक आहे. सज्जातील मराठी प्रेक्षकाला येथे शेजाऱ्यामागून हसण्याचे कारण उरत नाही. शाळेत व्याकरणाच्या पुस्तकातून, परीक्षेच्या धाकाने इंग्रजी शिकलेला तो माणूस आपल्या शुद्धतेनेच ओळखला जात असतो. त्याचे सोयरिक हिंदुस्थान पाहिलेल्या पिकरिंगशी नाही. ते एलायझाशी आहे. तिच्याप्रमाणेच त्यालाही एक भाषा शिकवून तयार करण्यात आले आहे आणि पुढे कोठे जावयाचे ते सांगितलेले नाही. एलायझाच्या शेवटच्या अंकातील संतापाचा अर्थ इंग्रज प्रेक्षकाहून या प्रेक्षकाला अधिक जवळून लागावा, हे ओघानेच आले.

असा कान मायदेशी परततो तेव्हा काय घडते, हे पाहण्यास ‘ती फुलराणी’ उपयोगी पडते. पु. ल. देशपांडे १९५८ च्या सुमारास दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी लंडनला होते. ‘अपूर्वाई’ (१९६०) हे त्या प्रवासाचे पुस्तक. ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आले १९७५ मध्ये. मंजुळेच्या भूमिकेत भक्ती बर्वे यांनी गाजविलेले सूडाचे स्वगत शॉ यांच्या नाटकात नाही. संगीतिकेत मात्र त्या जागी एलायझाचे रागाचे गाणे आहे. मराठी फुलराणीची एक नाळ अशी संगीतिकेशी जुळते. शीर्षक तर बालकवींच्या कवितेचे स्मरण देऊन नायिकेला एकदम मराठी मातीत आणून सोडते. रूपांतर म्हणून हे सारे कौशल्याचे आहे आणि त्याची तारीफ पुष्कळ झालेली आहे.

अडचण उच्चाराच्या मापाची आहे. लंडनमधील एलायझाचा उच्चार तिचा मोहल्ला आणि तिचा वर्ग या दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या नकाशावर दाखवितो. मराठीत असे एकशहरी माप नाही. आपल्याकडे अशुद्धतेची खूण म्हणून प्रथम पुढे होतो तो ‘ण’च्या जागी येणारा ‘न’. पुण्याच्या प्रेक्षागृहात ‘पानी’ या एका शब्दावर हशा मिळू शकतो, आणि तो हशा वर्गावर आहे असे प्रेक्षक समजतो. पण वऱ्हाडात ‘ण’चा ‘न’ होणे हा बोलीचा नियमच आहे. तेथे ‘पानी’ म्हणणारा जमीनदार असेल, वकील असेल वा शेतमजूर असेल. देवनागरी लिपी या बाबतीत हिगिन्सच्या टिपणवहीहून अपुरी पडते, हेही नोंदविले पाहिजे. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चमचा’मधला ‘च’ यांतील भेद ती दाखवीत नाही. ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद मात्र ठळक दाखविते. नटाच्या हाती पडणाऱ्या संहितेत जी खूण लिपीला दाखविता येते तीच मग खालच्या थराची खूण होऊन बसते.

त्यामुळे नागपूरच्या नाट्यगृहात बसलेल्या वऱ्हाडी प्रेक्षकाची स्थिती ड्रुरी लेनच्या सज्जातील त्या मराठी प्रेक्षकासारखी होते. भाषा त्याचीच, नाटक त्याच्याच भाषेतले. तरी हशा उसळतो तेव्हा तो कशावर आहे हे त्याला क्षणभर शोधावे लागते, आणि सापडते तेव्हा ते त्याच्या आईच्या तोंडचे रोजचे बोलणे असते.