आकडे, मथळे आणि मराठी पुस्तकातली फारसी

खंडाळ्याखाली बोरघाट उतरला की मुंबईचा रस्ता लागतो, आणि पाठीमागे नाणे मावळातून पुण्याचा. महाराष्ट्रातल्या फारसी छपाईची वाटणीही याच घाटाने केली आहे. घाटाखाली फारसी छापली गेली; घाटावर ती वाचली, लावली आणि मराठीत आणली गेली. नोव्हेंबर १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता जॉन माल्कम. इराणच्या दरबारी वकील म्हणून जाऊन आलेला आणि १८१५ साली इराणचा इतिहास लिहून मोकळा झालेला हा माणूस. त्याच्या रस्त्याने पुढे बरेच काही वर-खाली गेले. पण मुंबईच्या छापणाऱ्यांचे कसब पुण्याला पोचले नाही आणि पुण्याच्या संशोधकांचे वाचन मुंबईच्या छापखान्यात उतरले नाही. आज एखाद्या मराठी साधनग्रंथात फारसी मजकूर छापलेला असतो तेव्हा ही फारकत दोन ठिकाणी हमखास दिसते: आकड्यांत आणि मथळ्यांत.

अडचण मुळात आकड्यांच्या दिशेची आहे. फारसी आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडे आपल्यासारखेच, हजार डावीकडे आणि एकं उजवीकडे. अरबीत एकं आधी बोलतात, आपल्या ‘एकवीस’सारखेच, त्यामुळे उजवीकडून येणाऱ्या नजरेला एकं आधी भेटणे तिथे सोयीचे पडते. फारसी मात्र दशक आधी बोलते. म्हणून फारसी वाचणारा आकड्यापाशी आला की नजर उडी मारून डाव्या टोकाला जाते आणि तिथून उलटी परत येते. पानावरची ही उडी लेखनिकाने किंवा जुळाऱ्याने सांभाळायची असते.

जुन्या लेखनिकांनी त्यावर पुरता विचार केलेला होता. आदिलशाहीतल्या खुर्दखत नावाच्या आज्ञापत्रांत एकाच कागदावर फारसी आणि मोडी नांदतात, दोन लिप्या, दोन दिशा. साल पुष्कळदा आकड्यात न देता अक्षरी दिलेले असते. ‘इहिदे सबैन अलफ’ म्हणजे एक, सत्तर, हजार: शुहूर सन १०७१, इसवी १६७०-७१. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो, हे मावळातल्या देशमुखांची कागदपत्रे चाळणाऱ्या कुणालाही पाठ असते. अक्षरी सालाला दिशेची भानगड नाही, खाडाखोडीलाही वाव नाही. जमाखर्चासाठी सियाक होती, अरबी संख्यावाचक शब्दच आखूड करून बनवलेल्या खुणा. फारसी ओळ डाव्या टोकाला वर चढत जाते, ते चढणेसुद्धा मजकूर कुठे संपला हे सांगणारे असते. आज आपण हे कागद छापतो तेव्हा ओळ सपाट होते, त्याला इलाज नाही. पण आकडाही भरकटतो, आणि त्याला इलाज आहे.

घाटाखालचा इतिहास श्रीमंत आहे. पारशी पंडित मुल्ला फिरोझ यांनी ‘दसातीर’ हा ग्रंथ मुंबईत १८१८ साली छापून काढला, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी. पण खिळ्यांची फारसी हिंदुस्थानातल्या वाचकांच्या डोळ्यांत कधी भरली नाही. त्यांना नस्तलिक हे वळण हवे होते. नस्तलिकमध्ये प्रत्येक शब्द उजवीकडून वरून सुरू होऊन डावीकडे उतरतो, आणि तो उतार सुट्या खिळ्यांत पकडणे जवळजवळ अशक्य होते. शिळाछापाने ही कोंडी फोडली. कातिबाने, म्हणजे सुलेखनकाराने, कागदावर लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि छापायचे. १८४६ च्या सुमारास मुंबईत शाहनामा शिळाछापावर निघाला आणि पुढे मुंबई हे फारसी पुस्तकांचे मोठे केंद्र झाले. इथली पुस्तके इराणात जात. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांगे शिळेवरच छापायला सुरुवात केली होती हे मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याच दगडांच्या दुनियेत फारसीचा केवढा मोठा संसार चालू होता याची आठवण मात्र क्वचितच निघते.

माझ्या मते या प्रांतात फारसी मांडणी इतकी चांगली आधी नव्हती आणि नंतरही झाली नाही. शाहनाम्याचे पान चार स्तंभांचे. कथाभाग बदलला की मधल्या दोन स्तंभांची जागा घेऊन चौकटीत मथळा बसे. लिहिणारा तोच, मथळा लिहिणाराही तोच, त्यामुळे चौकटीत किती शब्द मावतात, कुठले अक्षर ताणायचे, आकडा कुठे बसवायचा हे एकाच हाताला माहीत. नस्तलिकला ठळक वळण नसते. मथळा मोठा करायचा तर जाड कलम घ्यायची किंवा लाल शाई वापरायची. ठळकपणा वेगळ्या टाकातून यायचा, त्याच टाकाच्या रेघा फुगवून नव्हे.

उर्दू वृत्तपत्रांनी हा वारसा पुढे दीडशे वर्षे चालवला. मुंबईचा ‘इन्किलाब’ १९३८ पासून निघतो. त्याच्यासारखी पत्रे कातिबांच्या हातांवर उभी होती. मग १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांचा नूरी नस्तलिक हा टंक मोनोटाइपच्या यंत्रावर आला. हजारो जोडाकृती आधीच लिहून ठेवलेल्या, यंत्राने फक्त उचलून मांडायच्या. १९९४ मध्ये ‘इनपेज’ ही उर्दू जुळणीची प्रणाली आल्यावर हे तंत्र प्रत्येक छोट्या छापखान्यात शिरले. मजकुराच्या दृष्टीने हा मोठा विजय होता, त्याचे मोल मी कमी करत नाही. पण मथळ्याचा हात तिथे हरवला. मजकूर आणि मथळा एकाच नूरीत, फक्त लहान-मोठा. आणि ‘बोल्ड’ची कळ दाबली की संगणक अक्षरांच्या रेघा फुगवतो, वाव आणि मीम या अक्षरांची पोटे बुजतात.

आकड्यांत गमावले ते याहून बारीक आणि म्हणूनच दुर्लक्षित. उर्दूत साल लिहिताना आकड्यांखाली ‘सना’ची लांब रेघ ओढतात, जणू सालाला बैठक, शेवटी इसवी असेल तर ऐन या अक्षराचे तोंड, हिजरी असेल तर दोनचष्मी ‘हे’ हे अक्षर. कातिब हे न सांगता करीत असे. युनिकोड या संगणकी लिपिसंकेतात या रेघेला २००३ पासून स्वतंत्र जागा आहे, तरी छापील पुस्तकांत ती आकड्याखाली धड बसलेली फारच थोड्या ठिकाणी सापडते. दुसरे असे की फारसी आणि उर्दू आकड्यांना युनिकोडने एकच संच दिला आहे, पण चार आणि सात यांची वळणे दोन्हींकडे वेगळी आहेत. उर्दूचा टंक लावून विजापूरचे फर्मान छापले की सतराव्या शतकातल्या फारसीत उर्दूचा चार येऊन बसतो. संशोधनाच्या ग्रंथात ही चूक मला साधी वाटत नाही.

आता घाटावर येऊ. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’च्या खंडांतून मूळ फारसी आणि मराठी अनुवाद शेजारी आणले. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठी वाचकाच्या घरात पोचवली. हे ज्ञान अव्वल दर्जाचे होते. आज त्याच परंपरेतले पुस्तक डीटीपीवर जुळवले जाते, आणि जुळवणाऱ्याला फारसी येत नाही. त्याच्यापुढे काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे.

अनुक्रमणिकेची एक ओळ घ्या. मराठी परिच्छेदात फारसी शीर्षक, मग स्वल्पविराम, मग इंग्रजी आकड्यात पृष्ठांक. संगणकाच्या नियमाप्रमाणे फारसी अक्षरांमागून आलेला इंग्रजी आकडा फारसीच्याच प्रवाहात जातो, म्हणून पृष्ठांक उडी मारून शीर्षकाच्या डावीकडे जाऊन बसतो. तोच पृष्ठांक देवनागरी आकड्यात लिहिला तर जागेवर राहतो, कारण युनिकोड देवनागरी आकड्याला डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या अक्षराचा दर्जा देते. मराठी ग्रंथांत देवनागरी आकडे राखावेत याला भाषाभिमानाखेरीज हे एक चोख तांत्रिक कारण आहे.

दुसरे उदाहरण कालावधीचे. फारसी मजकुरात शब्दानंतर १०६७-१०६८ असे फारसी आकडे आणि मध्ये साधा हायफन असला, तर १०६७ उजवीकडे पडतो आणि फारसी वाचणाऱ्याला तो आधी भेटतो; हे बरोबर. तोच कालावधी कोष्टकाच्या घरात एकटा, आधी एकही अक्षर नसताना आला, की संगणक दोन्ही आकडे हायफनने जोडून डावीकडून उजवीकडे मांडतो. एकाच पुस्तकात एकच कालावधी दोन क्रमांनी छापला जातो आणि वाचकाला वाटते की संपादकाचा घोळ आहे. हायफनऐवजी लांब रेघ वापरली आणि घराची दिशा उजवीकडून डावीकडे लावली तर दोन्हीकडे क्रम एकच राहतो. एवढ्या लहान गोष्टीसाठी एखाद्या लढाईचे साल पुढे-मागे व्हावे हे मला सहन होत नाही.

मथळ्यांत चूक बहुधा एकच, पण सार्वत्रिक: परिच्छेद उजवीकडे सरकवला की तो उजवीकडून वाहू लागतो असा समज. तसे होत नाही. दिशा वेगळी लावावी लागते. ती लावली नाही तर प्रकरणाचा क्रमांक मथळ्याच्या डाव्या टोकाला जातो आणि फारसी वाचणाऱ्याला तो शेवटी दिसतो. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मध्यपूर्वेच्या लिप्यांची सोय चालू केली नाही तर अक्षरे सुटी आणि उलटी पडतात. मथळा मोठ्या टंकात असल्याने ती विटंबना सर्वांत ठळक तिथेच होते.

हे प्रश्न जगात कुणी सोडवलेच नाहीत असे नव्हे. डोनाल्ड क्नुथ आणि पिएर मॅके यांनी १९८७ मध्येच टेक (TeX) या जुळणी-प्रणालीत दोन दिशा एकत्र चालवण्याची रीत मांडली. वफा खलीगी यांच्या झीपर्शियन (XePersian) या टेकवरच्या फारसी जोडणीमुळे इराणी विद्यार्थी प्रबंधातले प्रकरण-क्रमांक आणि आकडे फारसी रीतीने मांडतात. साधने फुकट उपलब्ध आहेत. मराठीत कमतरता आहे ती ठरलेल्या शैलीची. मराठी शुद्धलेखनावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला, पण मराठी पुस्तकातला फारसी उतारा कसा मांडावा यावर एक पानभर नियमही सर्वमान्य नाहीत: कुठले आकडे, कुठली रेघ, मथळ्याला नस्ख हे सपाट ओळीचे वळण की नस्तलिक, हिजरी सन कुठे आणि इसवी कुठे.

साधनग्रंथ काढणाऱ्या संस्थांनी आणि प्रकाशकांनी हे पानभर नियम करावेत. ते होईपर्यंत निदान एक करावे: शेवटचे मुद्रित छपाईला देण्याआधी उर्दू शाळेतल्या एखाद्या शिक्षकाकडे न्यावे, मानधन देऊन, आणि त्यांच्याकडून सगळा मजकूर नव्हे, फक्त आकडे आणि मथळे मोठ्याने वाचून घ्यावेत. पुणे जिल्ह्यात असे शिक्षक आहेत. त्यांना आजवर कुणी विचारले नाही, एवढेच.