हैतीची क्रांती आणि तिचे फलित : ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’च्या संदर्भात

हैतीच्या दारिद्र्याकडे बोट दाखवून तेथील क्रांती व्यर्थ ठरविली जाते. सी. एल. आर. जेम्स यांच्या ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ (१९३८) या ग्रंथात १७९१ मधील गुलामांच्या उठावापासूनचा संघर्ष समर्थपणे चित्रित झाला आहे. तथापि मुख्य निवेदन स्वातंत्र्यप्राप्तीपाशी (१८०४) थांबत असल्याने उपरोक्त आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही. त्यासाठी ग्वाडेलूप या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीशी तुलना आवश्यक ठरते. तेथे नेपोलियनने १८०२ मध्ये गुलामगिरी पुन्हा लादली; ती १८४८ पर्यंत टिकली. हैतीत ती परतली नाही. मात्र १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौकांच्या धाकाने माजी मळेमालकांसाठी १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. त्यापायी काढलेल्या कर्जांचा भार विसाव्या शतकापर्यंत राहिला. म्हणून दारिद्र्याचा सारा दोष क्रांतीच्या माथी मारणे इतिहासाला धरून नाही, असे म्हणावे लागते.